मुलांची ऑनलाइन सुरक्षितता : घर, शाळा आणि धर्मग्राम

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. लोक बहुतांशी शेतकरी आणि साखर कारखान्यांशी संबंधित कामगार. या गावाने २०२२ साली घेतलेल्या एका निर्णयाची नोंद देशभरातील, किंबहुना परदेशातील वृत्तपत्रांनीही घेतली. रोज सायंकाळी सात वाजता गावातील मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद होतात. साडेआठ वाजता दुसरा भोंगा होतो, तेव्हा ही दीड तासाची मुदत संपते. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचन करावे व परस्परांशी बोलावे, अशी योजना.

आपल्या मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसे ठेवावे, हा प्रश्न आज प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबापुढे, प्रत्येक शाळेपुढे व प्रत्येक धर्मग्रामापुढे आहे. या लेखात त्याचा क्रमाने विचार केला आहे. प्रारंभ वडगावपासूनच करू, कारण ते गाव आपल्याच परिसरातले आहे आणि त्याच्या अनुभवात उत्तराचा अर्धा भाग दडलेला आहे. उरलेला अर्धा भाग कोणता, हे पुढे स्पष्ट होईल.

सात वाजताचा भोंगा

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. शिक्षण मोबाइलवर आले. तोपर्यंत "मोबाइलला हात लावू नकोस" असे सांगणाऱ्या पालकांनाच मुलांच्या हाती मोबाइल द्यावा लागला. अनेकांनी त्यासाठी कर्ज काढून नवे फोन घेतले. शाळा पुन्हा सुरू झाल्या, परंतु फोन मुलांच्या हातातून सुटला नाही. मुले लिहिण्या-वाचण्यास कंटाळू लागली असून शाळेपूर्वी आणि शाळेनंतर ती मोबाइलमध्येच गुंतलेली असतात, हे वडगावातील शिक्षकांच्या ध्यानात आले. गावातील घरांत अभ्यासाची स्वतंत्र खोली नसते. एकाच खोलीत दूरदर्शनवर मालिका चालू असताना मुलाने अभ्यास कोठे करावा, हा प्रश्न होता.

तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय ग्रामसभेपुढे मांडला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, महिलांच्या ग्रामसभेत भोंग्याचा निर्णय झाला. सुरुवातीस लोकांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. भोंगा वाजला तरी मोबाइल बंद होईनात. तेव्हा आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी फिरून समजूत घातली. हळूहळू सवय लागली.

या प्रयोगातील तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, निर्णयात मातांचा पुढाकार होता. दुसरी, नियम केवळ मुलांसाठी नव्हता. वडिलांनाही फोन खाली ठेवावा लागला. तिसरी, एकट्या कुटुंबाला जे जड जाते ते संपूर्ण गावाने एकाच वेळी केले, त्यामुळे "सगळ्यांच्या घरी चालू असते, आपल्याच घरी का नाही?" हा मुलांचा नेहमीचा युक्तिवाद उरला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने वेगळी वाट धरली. अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर तेथील ग्रामसभेने बंदीचा ठराव केला. बेळगावजवळील हलगा या गावाने २०२४ च्या अखेरीस सायंकाळी भोंगा वाजवून पडदे बंद ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला. जगाच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा संमत करून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. अर्थात हा प्रश्न आपल्याच मुलांचा नाही.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. भोंगा मुलाचा वेळ वाचवतो. तो मुलाला धोक्यापासून वाचवतोच असे नाही. साडेआठनंतर मुलाच्या फोनवर कोण बोलते, काय मागते, कशाची धमकी देते, हे भोंग्याला कळत नाही. ते कळण्यासाठी मुलाने स्वतः येऊन सांगावे लागते. ते मूल सांगेल की नाही, हे आपण त्याच्याशी आजवर कसे वागलो यावर ठरते.

धोके कोणते?

अनोळखी "मित्र" : मुलांच्या खेळांमध्ये आज बोलण्याची सोय असते. संघ करून खेळताना कोणीही अपरिचित व्यक्ती मुलाशी संवाद साधू शकते. वाईट हेतूची व्यक्ती घाई करीत नाही. ती प्रथम मुलाची स्तुती करते, खेळातील एखादी वस्तू भेट देते, आई-वडिलांविषयीची तक्रार सहानुभूतीने ऐकते. मग बोलणे खेळातून खासगी संदेशांत नेते. नंतर "हे आपल्या दोघांतच राहू दे" असे सांगते. त्यापुढे छायाचित्राची मागणी होते. या सर्व पायऱ्यांत "गुपित ठेव" ही सर्वांत महत्त्वाची खूण आहे. आई-वडिलांपासून लपवायला सांगणारी मोठी व्यक्ती मित्र नसते, हे एक वाक्य प्रत्येक मुलाला पाठ असावे.

छायाचित्रावरून धमकी : एकदा छायाचित्र हाती लागले की "पैसे दे, नाहीतर तुझ्या सर्व मित्रांना पाठवतो" अशी धमकी येते. कधी समोरून सुंदर मुलीच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो व तो गुपचूप ध्वनिचित्रमुद्रित केला जातो. यात केवळ मुलीच नव्हे, किशोरवयीन मुलगेही मोठ्या संख्येने सापडतात आणि लाजेने मूक राहतात. अलीकडे तर मुलाने काहीही पाठविलेले नसताना त्याच्या साध्या छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने खोटे अश्लील चित्र तयार करता येते. म्हणून "तू पाठवलेसच का?" हा प्रश्न कित्येकदा मुळातच चुकीचा असतो.

वर्गमित्रांकडून छळ : वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखाद्याच्या छायाचित्राचे स्टिकर करणे, रंगावरून वा जातीवरून टोमणे मारणे, एखाद्याला ठरवून ग्रुपबाहेर काढणे, दुसऱ्याच्या नावे खोटे खाते उघडणे, हे प्रकार बाहेरचे गुन्हेगार नव्हे तर आपलीच मुले करतात. पूर्वी शाळेत त्रास झाला तर मूल घरी येऊन सुटत असे. आता तो त्रास दप्तरासोबत घरी येतो व उशाशी झोपतो.

पैसा : पालकांच्या फोनमध्ये बँकेचे व्यवहार असतात. पिन ठाऊक असलेले मूल खेळातील वस्तू विकत घेते. कोणी "बक्षीस लागले" म्हणून पाठवलेला दुवा उघडते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर भारत सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. तरी त्यांच्या छुप्या जाहिराती मुलांपर्यंत पोहोचत राहतात.

अयोग्य मजकूर : मुलाने न शोधताही हिंसक वा अश्लील दृश्ये समोर येतात. एक लघुपट पाहिला की यंत्रणा तसेच आणखी दाखवते, कारण पाहणाऱ्याला गुंतवून ठेवणे हाच तिचा व्यवसाय आहे. स्वतःला इजा करण्यास प्रवृत्त करणारा मजकूर यांत सर्वांत घातक होय.

घरात काय करावे?

सहा वर्षांपर्यंत मुलाच्या हाती स्वतंत्र फोन नसावा. जेवताना फोन दाखवून घास भरविण्याची सवय सोयीची वाटते, परंतु पुढे तीच सोडविणे सर्वांत कठीण जाते. या वयात आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणे, मांडीवर बसून एखादे गाणे एकत्र पाहणे, इतके पुरे.

सात ते बारा या वयात फोन घराचा असावा, मुलाचा नसावा. तो बैठकीच्या खोलीत वापरावा, बंद दाराआड नव्हे. रात्री सर्वांचे फोन एकाच ठिकाणी, स्वयंपाकघरात किंवा कपाटावर, चार्जिंगला लावावेत. त्यात पालकांचेही असावेत. गूगलचे फॅमिली लिंक अॅप अँड्रॉइड फोनवर विनामूल्य मिळते. त्यातून वेळेची मर्यादा घालता येते आणि नवे अॅप पालकांच्या संमतीवाचून घेता येत नाही. आयफोनमध्ये हीच सोय स्क्रीन टाइम या नावाने असते. लहानांसाठी यूट्यूब किड्स वेगळे आहे, तर नेहमीच्या यूट्यूबमध्ये निर्बंधित पद्धत सुरू करता येते. ही साधने उपयुक्त आहेत, पण ती कुंपण आहेत, राखणदार नव्हेत.

तेरा ते अठरा या वयात मुलाला स्वातंत्र्य हवे असते व ते टप्प्याटप्प्याने द्यावेही लागते. इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅप या दोन्ही सेवांची भारतातील किमान वयोमर्यादा तेरा वर्षे आहे. मुलाचे वय खोटे सांगून खाते उघडून देणारे पालक त्याला असत्याचा पहिला धडा स्वतःच देतात. शिवाय वय खोटे सांगितल्यास त्या सेवेत मुलांसाठी असलेली संरक्षणेही लागू होत नाहीत. खाते उघडल्यावर पालकांनी मुलासोबत बसून पुढील गोष्टी कराव्यात :

१. खाते खासगी ठेवावे. केवळ प्रत्यक्ष ओळखीच्या व्यक्तींनाच जोडावे.
२. व्हॉट्सअॅपमध्ये आपले छायाचित्र कोणी पाहावे व आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घालावे, हे दोन्ही पर्याय केवळ "माझे संपर्क" यांच्यापुरते मर्यादित करावेत.
३. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी. पासवर्ड मित्राला, अगदी जिवलग मित्रालाही, देऊ नये.
४. शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, वाहनाचा क्रमांक दिसेल असे छायाचित्र टाकू नये.
५. नको असलेल्या व्यक्तीस अडवणे आणि तक्रार नोंदवणे या दोन कृती मुलाकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्याव्यात.

मुलाचा फोन लपूनछपून तपासू नये. तपासायचा असेल तर तसे आधी सांगावे. चोरून पाहणारा पालक पकडला गेला की मूल दुसरे, पालकांना माहीत नसलेले, खाते उघडते.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : मुलाला शांतपणे आणि वारंवार असे सांगावे की, "तुझ्याकडून काहीही चुकले, तरी तू मला सांग. मी तुझा फोन काढून घेणार नाही." मुले छळ सोसतात, पैसे देतात, रात्र रात्र जागतात, परंतु घरी सांगत नाहीत, कारण सांगितले तर फोन जाईल, मार बसेल, बाबा आईला दोष देतील, अशी भीती त्यांना वाटते. धमकी देणारी व्यक्ती याच भीतीवर जगते. घरातील ही भीती नाहीशी झाली की तिचे अर्धे बळ तेथेच संपते.

महाबळेश्वर व पाचगणीतील कुटुंबे

महाबळेश्वर, पाचगणी आणि आसपासच्या गावांतील कुटुंबांची अडचण थोडी निराळी आहे. येथील उपजीविका हंगामावर चालते. एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ या काळात पालक दुकानात, हॉटेलात, टॅक्सीवर किंवा स्ट्रॉबेरीच्या शेतात पहाटेपासून रात्रीपर्यंत गुंतलेले असतात. नेमकी तीच मुलांच्या सुट्टीची वेळ. मूल घरी एकटे, सोबतीला मोबाइल. त्यानंतर पावसाळा येतो. मुसळधार पाऊस आणि धुके यांमुळे खेळाचे मैदान चार महिने जवळजवळ बंदच असते, आणि मुले घरात कोंडली जातात.

यावर काही साधे उपाय आहेत. हंगामात दोन-तीन शेजारी कुटुंबांनी मिळून मुलांची पाळी वाटून घ्यावी. रोज एका घरचे कोणी मोठे माणूस सर्वांच्या मुलांपाशी थांबेल. दुकानातील ज्या फोनवर ग्राहकांचे पैसे जमा होतात तो फोन मुलाला खेळायला कधीही देऊ नये. पर्यटक आपल्या मुलांची छायाचित्रे काढू लागले तर नम्रपणे नकार देण्यास मुलांना शिकवावे. एखाद्या पर्यटकाने मुलाचा क्रमांक मागितला, तर तो पालकांचाच द्यावा.

पडदा दूर करायचा, तर त्याच्या जागी दुसरे काही ठेवावे लागते. याबाबतीत आपण भाग्यवान आहोत. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान असलेले भिलार हे गाव ४ मे २०१७ पासून "पुस्तकांचे गाव" म्हणून ओळखले जाते. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागाचा हा उपक्रम. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावावरून त्याची कल्पना सुचली. तेथील घरांच्या पडव्यांत, लॉजमध्ये आणि मंदिरात कथा, कविता, चरित्रे, बालसाहित्य अशी हजारो मराठी पुस्तके मांडलेली आहेत व कोणीही ती तेथे बसून वाचू शकतो. पर्यटक दूरवरून भिलारला येतात. आपली मुले तेथून काही किलोमीटरवर राहतात. धर्मशिक्षणाच्या वर्गाची एखादी सहल तेथे नेणे सहज शक्य आहे.

शाळा आणि वसतिगृहे

पाचगणीचा परिसर निवासी शाळांसाठी प्रसिद्ध आहे. १८९५ साली स्थापन झालेले सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट ही त्यांतील जुनी कॅथलिक संस्था. निवासी शाळांत मुलांच्या फोनवर सामान्यतः कडक मर्यादा असते. परंतु सुट्टीत घरी गेल्यावर तेच मूल, शाळेत मिळत नाही म्हणून, दिवसाचे दहा तास फोनपाशी बसते. शाळेतील शिस्त आणि घरातील सैलपणा यांतील हे अंतर कमी करण्यासाठी सुट्टीपूर्वी शाळेने पालकांशी बोलणे आवश्यक आहे. घरापासून दूर असलेल्या मुलाला एकटेपणा लवकर जाणवतो, हेही ध्यानी ठेवावे. ज्याचे ऐकणारे कोणी नसते, त्याला ऐकणारा अनोळखी माणूस आपला वाटू लागतो.

प्रत्येक शाळेने किमान पुढील गोष्टींची व्यवस्था करावी :

पहिली गोष्ट, मुलांनी तक्रार कोणाकडे करावी हे नावानिशी ठरलेले व फलकावर लिहिलेले असावे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शाळांत सखी सावित्री समिती स्थापण्याचे निर्देश दिले. आपल्या शाळेत ती समिती आहे काय, तिची बैठक होते काय, हे पालकांनी विचारावे. तक्रारपेटी असेल तर ती नियमितपणे उघडली जावी.

दुसरी गोष्ट, शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील संदेश केवळ शाळेच्या अधिकृत ग्रुपवर असावेत. शिक्षकाने एकट्या विद्यार्थ्यास रात्री खासगी संदेश पाठवू नये. हा नियम मुलांचे रक्षण करतो, तसेच प्रामाणिक शिक्षकाचेही.

तिसरी गोष्ट, शाळेच्या संकेतस्थळावर व समाजमाध्यमांवर मुलांची छायाचित्रे टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि छायाचित्राखाली मुलाचे पूर्ण नाव देऊ नये. वार्षिक स्नेहसंमेलनाची व पोहण्याच्या स्पर्धेची छायाचित्रे याबाबतीत विशेष काळजीने निवडावीत.

चौथी गोष्ट, संगणकाच्या तासाला केवळ यंत्र चालविणे न शिकवता सभ्यता शिकवावी. दुसऱ्याचे छायाचित्र पुढे पाठविण्यापूर्वी काय विचार करावा, खोटी बातमी कशी ओळखावी, मित्राचा छळ होत असताना बघ्याची भूमिका का घेऊ नये, हे विषय वर्गात चर्चेस घ्यावेत. पुढे न पाठवणारे एक मूलही छळाची साखळी तोडू शकते.

पाचवी गोष्ट, छळ करणाऱ्या मुलाला केवळ शिक्षा करून सोडू नये. तेही आपलेच मूल आहे. त्याला आपल्या कृत्याची जाणीव व्हावी, त्याने क्षमा मागावी आणि झालेली हानी शक्य तितकी भरून काढावी.

अनुचित प्रकार घडल्यास

मूल रडत येऊन काही सांगते, किंवा त्याच्या वागण्यात अचानक बदल दिसतो : फोन लपवणे, संदेशाचा आवाज येताच दचकणे, जेवण टाळणे, शाळेत जाण्यास नकार देणे. अशा वेळी पुढील क्रमाने वागावे.

१. प्रथम ऐकावे. ओरडू नये. "तू सांगितलेस हे फार चांगले केलेस. यात तुझा दोष नाही," हे पहिले वाक्य असावे.

२. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. त्याच्याशी वादही घालू नये.

३. पुरावा पुसू नये. संदेश, खात्याचे नाव, फोन क्रमांक, दुवा, तारीख व वेळ यांची नोंद ठेवावी, पडद्याची छायाचित्रे घ्यावीत. मात्र मुलाचे अश्लील चित्र असल्यास त्याची प्रत काढू नये व ते कोणालाही, अगदी नातेवाइकांना वा शिक्षकांनाही, पुढे पाठवू नये. मुलाचे असे चित्र पसरविणे हा गंभीर गुन्हा आहे. तो फोन जसाच्या तसा पोलिसांकडे न्यावा.

४. नोंद झाल्यानंतर त्या व्यक्तीस अडवावे आणि त्या सेवेकडे तक्रार करावी.

५. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालते. मूल स्वतःही तेथे दूरध्वनी करू शकते. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाचण्याची शक्यता अधिक. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर करता येते. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांविषयीची तक्रार तेथे नाव न देताही नोंदविता येते. जिवाला धोका असेल तर ११२.

६. अठरा वर्षांखालील मुलाचे चित्र पसरण्याची भीती असेल तर "टेक इट डाउन" ही आंतरराष्ट्रीय विनामूल्य सेवा २०२३ पासून उपलब्ध आहे. ते चित्र कोणाकडेही पाठवावे लागत नाही. फोनवरच त्या चित्राचा एक सांकेतिक अंक तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या अंकावरून आपल्या सेवांवर ते चित्र शोधून काढून टाकतात.

७. मुलाला एकटे ठेवू नये. जगण्यात अर्थ उरला नाही अशी भाषा ते बोलत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांचा वा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

कायदा काय सांगतो?

मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा, पोक्सो म्हणून ओळखला जाणारा, कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने मूल ठरते. ऑनलाइन माध्यमातून केलेला लैंगिक छळही त्यात येतो. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती ज्यास मिळते, त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शिक्षक, वसतिगृहप्रमुख, धर्मशिक्षक, धर्मगुरू, कोणीही असो. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळविणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. "संस्थेचे नाव खराब होईल" हे कारण कायद्यापुढे टिकत नाही, आणि सदसद्विवेकापुढे तर मुळीच टिकत नाही.

पोलीस ठाण्याच्या भीतीने अनेक पालक मागे फिरतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. त्याचे नाव, शाळा वा पत्ता प्रसिद्ध करणे हाही गुन्हा आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६७ ब अन्वये मुलांची अश्लील चित्रे प्रसिद्ध करणे, पाठविणे, शोधणे वा उतरवून घेणे यांस पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अशी चित्रे नुसती जवळ बाळगणेही कोणत्या परिस्थितीत गुन्हा ठरते हे स्पष्ट केले, आणि या चित्रांचा उल्लेख अश्लील साहित्य असा न करता मुलांच्या शोषणाचे साहित्य असा करावा असे सुचविले. हा शब्दबदल महत्त्वाचा आहे : अशा प्रत्येक चित्रामागे एका खऱ्या मुलावर झालेला अत्याचार असतो.

२०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही पालकांनी माहीत करून घ्यावा. त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे व मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

ख्रिस्तसभा आणि धर्मग्राम

ख्रिस्तसभेने या विषयाकडे बऱ्याच आधीपासून लक्ष दिले आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये सामाजिक संपर्क साधनांविषयीच्या परमधर्मपीठीय मंडळाने इंटरनेटवरील दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात डिजिटल जगातील बालकांच्या प्रतिष्ठेविषयी जागतिक परिषद झाली व तिचा जाहीरनामा पोप फ्रान्सिस यांना सादर करण्यात आला. धर्मसभेच्या कायद्यात मुलांच्या अश्लील चित्रांसंबंधी गुन्ह्यासाठी पूर्वी चौदा वर्षांची वयोमर्यादा होती. पोप फ्रान्सिस यांनी ती १ जानेवारी २०२० पासून अठरा केली.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या तरुणास संतपद बहाल केले. १९९१ मध्ये जन्मलेला आणि अवघ्या पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये, रक्ताच्या कर्करोगाने निवर्तलेला हा मुलगा संगणकाचा निष्णात होता. पवित्र मिस्साबलिदानाशी निगडित चमत्कारांची माहिती त्याने इंटरनेटवर संकलित केली. त्याच्याकडे व्हिडिओ खेळाचे यंत्रही होते. पण आठवड्यातून एकच तास खेळायचे, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता. यंत्राचा द्वेष नाही आणि यंत्राची गुलामीही नाही. आपल्या मुलांपुढे ठेवण्यासाठी याहून जवळचा आदर्श कोणता?

धर्मग्रामाच्या पातळीवर वर्षातून एकदा तरी पालकांची सभा घ्यावी व तीत सायबर पोलिसांना किंवा जाणकारांना बोलवावे. धर्मशिक्षकांनी मुलांशी खासगी संदेशांतून बोलू नये. ग्रुपवर पालकही असावेत. प्रथम कम्युनियन व दृढीकरण यांच्या तयारीत या विषयासाठी एक तास राखून ठेवावा. मोबाइल सहज हाताळणाऱ्या तरुणांनी आजी-आजोबांना व कमी शिकलेल्या पालकांना फोनमधील सुरक्षा बसवून द्यावी. ही आजच्या काळातील मोठी सेवा होय. आणि मोहित्यांच्या वडगावने जे भोंग्याने साधले, ते आपल्याला सायंकाळच्या घंटेने का साधू नये? घंटा झाली की घरातील सर्व फोन एका टोपलीत जातील, कौटुंबिक प्रार्थना होईल, जेवण एकत्र होईल, आणि दिवसभरात काय घडले हे प्रत्येक जण सांगेल.

त्या टोपलीचा खरा उपयोग शेवटच्या भागात आहे. रोज तासभर ज्या घरात मुलाचे साधे बोलणे ऐकले जाते, त्या घरात ते एके दिवशी आपले कठीण बोलणेही आणते.